मुका रेडिओ आणि विजेचे दोन पंथ

#थ्रेड

१/ १९४० च्या सुमारास अमेरिकेत तयार झालेला व्हॉल्व्हचा छोटा टेबल रेडिओ आज उघडला, तर त्यात बहुधा एक वस्तू सापडत नाही : वीजपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर. तो का वगळला गेला, हा इतिहास ठाऊक नसताना असा रेडिओ दुरुस्त करू पाहणे जिवावर बेतू शकते.

२/ १८८२ मध्ये एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट केंद्रातून जी वीज पुरवली, ती डीसी होती. एकाच दिशेने वाहणारी. पुढे वेस्टिंगहाउसने पुरस्कारलेली, दिशा पालटत राहणारी एसी वीज सरस ठरली. तथापि पराभूत पंथ लगेच लोपला नाही. न्यूयॉर्कमधील जुना डीसी पुरवठा पूर्णतः थांबला तो २००७ मध्ये!

३/ याचा परिणाम रेडिओवर झाला. ट्रान्सफॉर्मर एसीवरच चालतो. डीसीला जोडल्यास त्याचे वेटोळे तापून जळते. शिवाय तो जड आणि महाग. १९३० च्या दशकातील महामंदीत लोकांना स्वस्त रेडिओ हवा होता. उत्पादकांनी ट्रान्सफॉर्मरच काढून टाकला. किंमत उतरली आणि एकच रेडिओ दोन्ही विजांवर चालू लागला.

४/ आतली तार तापल्याशिवाय व्हॉल्व्ह काम करीत नाही. या रेडिओत पाचही व्हॉल्व्हच्या तारा एकामागे एक जोडलेल्या असत. तीन व्हॉल्व्ह सुमारे १२ व्होल्टचे, एक ५० चा, एक ३५ चा. बेरीज १२१, म्हणजे जवळपास अमेरिकन घरातला वीजदाब. या रचनेस ‘ऑल अमेरिकन फाइव्ह’ हे नाव पडले.

५/ दिवाळीतल्या जुन्या दिव्यांच्या माळेत एक दिवा गेला की सारी माळ विझते. येथेही तेच. पाचही व्हॉल्व्ह थंड असतील, तर ते सारे निकामी झाले असे नव्हे. वायर आणि स्विच ठीक असतील, तर बहुधा एकाचीच तार तुटलेली असते. रेडिओ विजेपासून तोडून प्रत्येक व्हॉल्व्ह मीटरने तपासला की दोषी सापडतो.

६/ याआधीच्या काही रेडिओंत व्हॉल्व्ह कमी दाबाचे असत. उरलेला दाब जिरवण्यासाठी विजेच्या वायरमध्येच रोधक तार गुंफलेली असे. ती वायर वापरात गरम होई. लांब वाटली म्हणून ती कापणारा, किंवा तिच्या जागी साधी वायर लावणारा, नकळत व्हॉल्व्ह जाळून बसे.

७/ व्हॉल्व्ह तापतात, पण आवाजाऐवजी घुमणारी गुणगुण येते? मग वीज गाळणारे कंडेन्सर वाळलेले असण्याचा संभव मोठा. आवाज फाटतो आणि शेवटचा व्हॉल्व्ह अतिशय तापतो? मेणकागदाचा कंडेन्सर गळत असू शकतो. काचेचा व्हॉल्व्ह अनेकदा दशके टिकतो. कागद मात्र ओल शोषून हार मानतो.

८/ आता जिवाचा प्रश्न. ट्रान्सफॉर्मर नसल्याने घरातली वीज आणि रेडिओचा धातूचा सांगाडा यांत आडपडदा उरत नाही. अनेक नमुन्यांत विजेची एक तार थेट सांगाड्याला जोडलेली असते. जुनी दोन पिनांची प्लग उलटी बसली, की सांगाड्यात पूर्ण दाब उतरतो. बॅकेलाइटची पेटी, मागचे झाकण आणि बटणे हेच काय ते संरक्षण.

९/ म्हणून जाणकार कारागीर असा रेडिओ विलग करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरच चालवून तपासतो. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये साठलेली वीज रोधकातून उतरवतो, मगच आत हात घालतो. मंदीत वाचवलेला ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या मेजावर असा परत येतो.

१०/ भारतातही कोलकात्यासारख्या शहरांच्या काही भागांत डीसी वीज होती आणि येथेही ‘एसी/डीसी’ रेडिओ विकले गेले. माळ्यावर असा रेडिओ सापडला, तर ‘चालतो का पाहू’ म्हणून प्लग लावू नये. आधी मागची पट्टी वाचावी. ‘एसी/डीसी’ ही अक्षरे तेथे असतील, तर ती जाहिरात नव्हे. धोक्याची सूचना समजावी.