करंगळीतली अंगठी

परवा रात्री अकराला भाचीचा फोन. ती बंगळुरूला एका कंपनीत कृत्रिम बुद्धिमत्तेचं काम करते. कर्जाचे अर्ज तपासणारं मॉडेल त्यांनी बनवलंय आणि ते गावाकडच्या अर्जदारांना जरा जास्तच नकार देतंय, असं तिला चाचणीत दिसलं. "मावशी, सोमवारी रिलीज आहे. सगळ्यांना दिसतंय गं, पण बोलायचं कोणी?" नीतिमत्तेचं ऑनलाइन प्रशिक्षण त्या सगळ्यांनी याच वर्षी पूर्ण केलंय. प्रमाणपत्रासकट!

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. मॉडेलमधलं मला काय कळणार? पण फोन ठेवल्यावर एक जुना पूल आठवला.

कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर क्वेबेकचा पूल बांधत होते. मधला गाळा आधी १६०० फुटांचा ठरला होता, तो १८०० फुटांचा केला. पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब मात्र वेळेवर नव्याने केला नाही. १९०७ च्या उन्हाळ्यात खालचे पोलादी भाग वाकायला लागले. जागेवरचा तरुण इंजिनिअर नॉर्मन मॅक्लूर याने ते वरिष्ठांना कळवलं. मग पत्रापत्री. भाग मुळातच वाकडे होते की आता वाकले, यावर वाद. शेवटी तो स्वतःच न्यूयॉर्कला सल्लागार थिओडोर कूपर यांच्याकडे गेला. कूपर तब्येतीमुळे तिथूनच काम पाहत. पुलावर आणखी भार टाकू नका, अशी तार त्यांनी केली खरी, पण ती पेन्सिल्व्हेनियात, पूल बांधणाऱ्या कंपनीला. पुलावर काम चालूच राहिलं. त्याच दिवशी, २९ ऑगस्टला, संध्याकाळी सुट्टी व्हायच्या सुमारास पूल कोसळला. ७५ कामगार गेले. त्यातले ३३ काह्नवाके या एकाच मोहॉक वस्तीतले.

यात कोणी दुष्ट नव्हतं हो. पूल वाकतोय हे कळलेलंही होतं. पण "थांबा" म्हटल्यावर सगळे थांबतील, असा माणूस पुलावर नव्हता.

पुढे टोरोंटोचे प्राध्यापक हर्बर्ट हॉल्टेन यांच्या मनात आलं की नव्या इंजिनिअरांना जबाबदारीची आठवण देणारं काहीतरी हवं. शपथविधी लिहून दिला रडयार्ड किपलिंगने (तोच, आपल्या मुंबईत जन्मलेला). १९२५ मध्ये माँट्रियलला पहिला समारंभ झाला. तेव्हापासून तिथले इंजिनिअर काम करणाऱ्या हाताच्या करंगळीत लोखंडी अंगठी घालतात. पहिल्या अंगठ्या पडलेल्या पुलाच्या लोखंडाच्या होत्या असं सांगतात, ते काही खरं नाही. मला आवडतं ते वेगळंच. सही करताना अंगठी कागदाला घासते, म्हणजे आठवण नेमकी सहीच्या क्षणी होते! माणसाच्या वागण्याचा अभ्यास करणारे आज जे सांगतात, ते त्या मंडळींना तेव्हाच उमगलं होतं म्हणायचं.

पण नुसती आठवण पुरते का? १९७३ मध्ये प्रिन्स्टनच्या डार्ली आणि बॅटसन यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना भाषण द्यायला दुसऱ्या इमारतीत पाठवलं. काहींचा विषय तर बायबलमधल्या परोपकारी शोमरोन्याची गोष्ट! वाटेत एक माणूस विव्हळत पडलेला. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले. "उशीर झालाय, पळा" असं सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. विषय परोपकाराचा असल्याने फारसा फरक पडला नाही.

२०१८ मध्ये संगणकवाल्यांवरही असाच अभ्यास झाला. ६३ विद्यार्थी आणि १०५ व्यावसायिक यांच्यापुढे कामातले नैतिक पेच ठेवले. काहींना त्यांच्या व्यवसायाची आचारसंहिता आधी दाखवली होती. त्यांच्या निर्णयांत फरक दिसला नाही.

म्हणजे माझ्या भाचीला आणखी एक प्रशिक्षण देऊन काही होणार नाही. यंत्र बनवणारी मुलं वाईट नाहीत, ती घाईत आहेत. म्हणून तीन गोष्टी काम सुरू होतानाच ठरायला हव्यात असं मला वाटतं. किती फरक दिसला तर थांबायचं, तो आकडा. "थांबा" कोण म्हणणार, त्याचं नाव. आणि थांबायला हाताशी थोडे दिवस. निकाल समोर आल्यावर आकडा ठरवायला बसलं, की तो आपल्या सोयीचाच निघतो. (दहावीच्या पेपरांना ग्रेस मार्क देताना मीही हे केलंय!)

दुसऱ्या दिवशी मी तिला पुलाची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने टीममधल्या सगळ्यांना एका ओळीचा मेल टाकला : नकारांतला हा फरक पाहून रिलीज थांबवायचं असेल, तर निर्णय कोणाचा?

आत्तापर्यंत दोघांची उत्तरं आलीत. दोघांनीही एकमेकांचं नाव लिहिलंय.

उद्या सोमवार. बघू या.