एका चेहऱ्याची दोन चित्रे

अमेरिकेच्या एफ.बी.आय. या पोलीस यंत्रणेने ऑगस्ट १९७० मध्ये एका प्राध्यापिकेचा चेहरा देशभर भिंतींवर चिकटवला. तिचे नाव अँजेला डेव्हिस. कॅलिफोर्निया विद्यापीठात ती तत्त्वज्ञान शिकवीत होती. कम्युनिस्ट पक्षाची सभासद म्हणून विद्यापीठाच्या चालकांनी १९६९ मध्येच तिला बडतर्फ करण्याचा घाट घातला होता. पुढे मॅरिन परगण्याच्या न्यायालयातील रक्तपातात वापरलेल्या बंदुका तिच्या नावावर निघाल्या आणि तिच्यावर खून, अपहरण व कटाचे आरोप आले. पत्रकावर तिची छायाचित्रे होती. ती कोणासाठी? पकडणाऱ्यांसाठी. ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये तिला अटक झाली.

१९७१ मध्ये वॉड्सवर्थ जॅरेल या काळ्या चित्रकाराने तोच चेहरा कॅनव्हासवर आणला. त्याच्यासमोरही छायाचित्रच होते, पण ते सभेत बोलणाऱ्या अँजेलाचे. त्याने त्याची हुबेहूब नक्कल केली नाही. छायाचित्रातून त्याने घेतली ती ठेवण : वळलेला चेहरा, उघडे तोंड, केसांचा घेर. मग त्या आकारात त्वचेचा रंग भरण्याऐवजी त्याने अक्षरे भरली. लाल, केशरी, निळ्या, हिरव्या रंगांत ‘काळे’, ‘सुंदर’, ‘क्रांती’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द एकमेकांना खेटून उभे आहेत. सावली कुठे, उजेड कुठे, हे शब्दांच्या रंगांवरूनच ओळखायचे. अंगावरचा पोशाख चित्रकाराची पत्नी जे जॅरेल हिने योजलेल्या पोशाखावरून घेतलेला, त्यावर काडतुसांचा तिरपा पट्टा.

हे अ‍ॅक्रिलिकने साधले. पाण्यात मिसळणारा हा रंग अमेरिकेच्या बाजारात १९५०च्या दशकाच्या मध्यास आला. तैलरंग वाळायला दिवस लागतात. हा काही मिनिटांत वाळतो. त्यामुळे एका अक्षराला लागून लगेच दुसरे अक्षर ठेवता येते, रंग एकमेकांत कालवत नाहीत, कडा धारदार राहते. कलेच्या इतिहासात शैलीची चर्चा फार होते, डबीतल्या रंगाची कमी!

जॅरेल ज्या ‘आफ्रिकोब्रा’ गटाचा होता तो १९६८ मध्ये शिकागोत स्थापन झाला. ‘कूल-एड’ या स्वस्त सरबतासारखे भडक रंग त्यांनी मुद्दाम घेतले. सौम्य रंग म्हणजे अभिरुची, हा प्रस्थापितांचा दंडक त्यांना मान्य नव्हता. चित्र श्रीमंताच्या दिवाणखान्यात अडकू नये म्हणून त्यांनी स्वस्तात विकता येतील असे छापही काढले.

४ जून १९७२ रोजी अँजेला निर्दोष सुटली. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिने नाव घेतले ते अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून.

पुढे १९९४ मध्ये अँजेलाने स्वतःच्या प्रतिमेवर एक लेख लिहिला. लोकांच्या स्मरणात आपले विचार उरले नाहीत, केशरचना उरली, अशी तिची तक्रार होती. त्याहून गंभीर मुद्दा तिने मांडला तो असा की, पोलिसांच्या पत्रकातील तिच्यासारखे केस असलेल्या कितीतरी काळ्या स्त्रियांना त्या काळात वाटेत अडवले गेले, छळले गेले. म्हणजे छायाचित्र एकीचे आणि भोग अनेकींचा. जॅरेलच्या चित्राला हा आक्षेप कितपत लागू पडतो? माझ्या मते थोडा पडतोच. त्याने तिचे शब्द तिच्या देहावर लिहिले खरे, पण ते वाचायला जवळ जावे लागते. दुरून केसच दिसतात.

आपल्या वस्त्यांतील बाबासाहेबांच्या चित्रांकडे या अंगाने फार थोड्यांनी पाहिले आहे. कृष्णधवल छायाचित्रावरून निळा कोट रंगवताना पेंटरने काय ठेवले, काय गाळले, हातात पुस्तक का दिले? या पेंटरांची नावे कलेच्या इतिहासात क्वचितच सापडतील. त्यांच्यापैकी जे हयात आहेत त्यांना गाठून हे सारे आताच लिहून घेतले पाहिजे.