शिडांचे कापड व त्यावरील प्रक्रिया

यंत्रयुगापूर्वीच्या जहाजांची शिडे स्थानिक धाग्यांपासून विणली जात. उत्तर युरोपातील व्हायकिंग लोक लोकरीची शिडे वापरीत. नॉर्वेतील ट्रॉन्डेनेसच्या चर्चमध्ये अशा एका जुन्या शिडाचे तुकडे मिळाले आहेत. विणलेली लोकर वारा गाळते, म्हणून तिच्यावर चरबी, पाइनचे डांबर व गेरू यांचा लेप देत. पुढे जवसाच्या वाखाचे लिनन आणि भांगेच्या वाखाचे कापड रूढ झाले. ‘कॅनव्हास’ हा शब्द भांगेच्या लॅटिन नावावरूनच आला. हे धागे चिवट, पण ओले ठेवून घडी घातल्यास कुजत. अमेरिकेत सुती शिडांना पसंती मिळाली. 1851 मध्ये ‘अमेरिका’ या नौकेने इंग्लंडमध्ये शर्यत जिंकली ती याच शिडांवर.

कुजणे रोखण्याची युक्ती चर्मकारीशी नाते सांगते. मच्छीमार ओकची साल उकळून त्या काढ्यात शिडे भिजवीत. पुढे सालीऐवजी कात आला. हा कात म्हणजे आपल्या विड्यातलाच, खैराच्या गाभ्यापासून काढलेला. तो हिंदुस्थान व ब्रह्मदेशातून युरोपात जाई. टेम्स नदीवरील मालवाहू गलबतांच्या शिडांना गेरू, माशाचे तेल व समुद्राचे पाणी यांचे मिश्रण चोळीत. त्यांचा तांबूस रंग शोभेसाठी नव्हता, टिकाऊपणाच्या गरजेतून आला होता. युद्धनौकांची शिडे मात्र बहुधा बिनरंगी ठेवत.

1805 च्या ट्रफाल्गर लढाईतील ‘व्हिक्टरी’ जहाजाचे एक शीड, गोळ्यांच्या भोकांसह, पोर्ट्समथ येथे जतन केलेले आहे.