वैयक्तिक सुरक्षा शिक्षण : नंदुरबार जिल्हा

लैंगिक अत्याचाराचा धोका ओळखता यावा, नकार देऊन तिथून निघून जाता यावे आणि घडलेले विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगता यावे, यासाठी मुलांना वयानुसार दिले जाणारे शिक्षण. शाळांत ते ‘गुड टच-बॅड टच’ म्हणून ओळखले जाते. खाजगी अवयवांची नावे, असुरक्षित स्पर्श, पोटात न ठेवायची गुपिते, एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगणे आणि दोष मुलाचा नसतो, हे त्यातले मुख्य पाठ. अनोळखी माणसापासून जपा, ही जुनी शिकवण इथे अपुरी पडते. केंद्र सरकारच्या २००७ च्या अभ्यासात तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांपैकी ५३.२२ टक्क्यांनी लैंगिक अत्याचाराचा एक तरी प्रकार सांगितला. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीतले किंवा विश्वासातले होते.

या शिक्षणाचा आरंभ १९७० च्या दशकात अमेरिकेत झाला. भारतात मुंबईच्या ‘अर्पण’ संस्थेने (स्थापना २००६) ते शाळाशाळांत नेले. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला आणि २०२० च्या नियमांनी वयानुरूप सुरक्षा-अभ्यासक्रम तयार करणे ही सरकारची जबाबदारी ठरवली.

नंदुरबार हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १६.४८ लाख, तीत आदिवासी सुमारे ६९ टक्के. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी या समाजांतली पुष्कळ मुले पहिलीपासूनच आश्रमशाळेत राहतात. दिवाळीनंतर अनेक आईबाप ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. शहरी पुस्तिकेतले ‘घरी जाऊन आईला सांग’ हे वाक्य अशा मुलाच्या काय कामाचे? वर्षातले बरेच महिने त्याच्या जवळची मोठी माणसे म्हणजे शिक्षक, अधीक्षक, अधीक्षिका, स्वयंपाकी, कामाठी. त्यांच्यापैकीच कोणी गुन्हेगार निघाला, तर तक्रार ऐकणाराही बहुधा त्याचा सहकारीच असतो. २०१६ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील पाळा येथील आश्रमशाळेतल्या मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणाने ही भीती राज्यापुढे उघडी केली. म्हणून आश्रमशाळेत मुलांच्या तासापेक्षा कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि संस्थेबाहेरचा ऐकणारा माणूस अधिक निकडीचा आहे.

दुसरी अडचण भाषेची. सातपुड्यातले मूल घरी भिली किंवा पावरी बोलते आणि प्रमाण मराठी शाळेत शिकते. शरीराविषयी बोलायची वेळ आली की ही नवी भाषा तोकडी पडते. नर्मदाकाठच्या ‘जीवनशाळा’ या आदिवासी मुलांच्या शाळांनी त्यांच्या बोलीत शिकवण्याचा पायंडा पाडला आहे, सुरक्षेच्या पाठांनाही तोच लागू करता येईल. मदत मागणेही सोपे नाही. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक मुलांकडून पाठ करून घेतला जातो. मात्र अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या डोंगरपाड्यांवर मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही आणि वसतिगृहात फोन असतो तो मोठ्यांच्या ताब्यात.

राज्याने १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळांत विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समित्या नेमायला सांगितले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणानंतर सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी यांवर पुन्हा भर आला. पेटीत चिठ्ठी टाकायला लिहिता यावे लागते, पहिलीतल्या मुलाला ते कसे जमावे? शिवाय या चर्चेत मुलींचाच विचार अधिक होतो. २००७ च्या अभ्यासात लैंगिक अत्याचार सांगणाऱ्यांत ५२.९४ टक्के मुलगे होते. मुलग्यांच्या वसतिगृहात हा विषय क्वचितच निघतो.

परिणामांबाबत २०१५ चा कॉक्रेन आढावा महत्त्वाचा. २४ चाचण्यांतील ५,८०२ मुलांच्या माहितीवरून, अशा शिक्षणाने मुलांचे ज्ञान आणि स्वसंरक्षणाचे वर्तन सुधारते असे दिसले. प्रत्यक्ष अत्याचार घटतात, असे मात्र सिद्ध झाले नाही. म्हणून सगळा भार मुलांवर टाकून चालत नाही; पोक्सो कायद्याचा रोखही मोठ्यांवरच आहे. कलम १९ नुसार गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, आणि नोंदीची भाषा मुलाला समजत नसेल तर दुभाषी द्यावा लागतो. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या कर्मचाऱ्याचा गुन्हा दडवला, तर कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.