पोलादाची पृष्ठसफाई, रेल्वे डब्यांची
पोलादावरील गंज, तसेच तप्त लाटणात बनलेली लोह ऑक्साइडांची खपली रंगलेपापूर्वी किंवा वितळजोडकामापूर्वी काढून टाकण्याची प्रक्रिया. खपली ऋणाग्राप्रमाणे वागते. तिला तडा गेलेल्या जागी उघडे पोलाद धनाग्र बनून तेथे खोल खड्डे पडतात. गंजातील ओलाव्यामुळे वितळजोड सच्छिद्र होतो.

मुंबईत परळ (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) व लोअर परळ (बाँबे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे) येथील कारखाने एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात उभे राहिले. अशा कारखान्यांत छिन्नी, हातोडी, खरवडणी व तारेचा ब्रश ही प्रारंभीची साधने होत. १९५५ पासून पेरांबूर येथे बनू लागलेल्या पोलादी डब्यांमुळे हे काम वाढले. कारण शौचालयाखालील पन्हळी तळपत्रा पाणी साचून लवकर गंजतो. तो निर्मळ धातूपर्यंत साफ केल्याखेरीज नवा पत्रा जोडता येत नाही.

वाळूच्या माऱ्याने सफाई करण्याची पद्धत बी. सी. टिल्गमन यांनी १८७० मध्ये शोधली. ती जलद असली, तरी तिच्या धुळीने कामगारांस सिलिकोसिस हा असाध्य फुप्फुसविकार जडतो. म्हणून ब्रिटनने १९४९ मध्ये ओतीव वस्तूंच्या सफाईसाठी वाळूचा वापर निषिद्ध केला. पोलादी छर्रे हा तिचा सुरक्षिततर पर्याय होय. तथापि धूळशोषक यंत्रणा व श्वसनसंरक्षक साधने त्यासही आवश्यक असतात.