माळवदातले स्पीकर स्लॅबखाली

लातुरात जुन्या स्पीकरची जोडी विकणारा माणूस सहसा म्हणतो, "वाजवून बघा अन् घेऊन जा." हे वाजवून बघणं होतं कुठे, तर दुकानाच्या पायरीवर. सोळा रस्ते येऊन मिळणाऱ्या गंजगोलाईच्या आसपास, ऑटोचे हॉर्न आणि शेजारच्या दुकानातलं गाणं चालू असताना. तिथे एवढंच कळतं की स्पीकर मेलेला नाही. म्हणून मी पाचशे रुपये अनामत ठेवतो, जोडी गोधडीत गुंडाळून मोटरसायकलला बांधतो आणि आठ दिवस घरी वाजवतो. हा शौकिनाचा नखरा वाटेल. पण स्पीकर कानापर्यंत एकटा पोचत नाही, खोलीला सोबत घेऊन पोचतो. आणि आमच्याकडे गेल्या तीस वर्षांत स्पीकरपेक्षा खोल्याच जास्त बदलल्या आहेत.

खोली आवाजाचं काय करते, हे पहिल्यांदा नीट आकड्यांत मांडणारा माणूस तेव्हा जेमतेम माझ्या वयाचा होता. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग आर्ट म्युझियमचं नवं व्याख्यानगृह उघडलं आणि तिथे शिकवणाऱ्याचं बोलणं कुणाला समजेना. आवाज साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सबाइन या भौतिकशास्त्राच्या २७ वर्षांच्या प्राध्यापकाला ते दुरुस्त करायला सांगितलं गेलं. तो रात्री सँडर्स थिएटरमधल्या बैठकांच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचा. त्या हमालीतून निघालेलं सूत्र आजही वापरात आहे: खोलीचं घनफळ वाढलं की घुमणं वाढतं, आवाज शोषणाऱ्या वस्तू वाढल्या की कमी होतं. बोस्टनचा १९०० सालचा सिंफनी हॉल याच हिशेबावर उभा राहिला.

स्पीकरचं तसं नाही. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं आणि त्याला चिकटलेला कागदी कोन, ही मांडणी १९२५ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी पक्की केली, ती मुळात अजून तशीच आहे. मराठवाड्यात ती आधी रेडिओच्या पोटात आली. आकाशवाणी परभणीची लावा की औरंगाबादची, मीडियम वेव्हवर आवाज एकाच चॅनेलचा. त्याला दोन खोके कशाला? आमच्याकडे दोन खोक्यांना खरा अर्थ आला तो कॅसेटमुळे. फिलिप्सने कॅसेट आणली १९६३ साली. त्याच कंपनीचा पिंपरीचा कारखाना १९७० साली सुरू झाला आणि त्याच वर्षी कलकत्त्यात सोनोडाइन उभी राहिली. लातूर जिल्हा झाला १९८२ साली, म्हणजे कॅसेट आमच्या जिल्ह्यापेक्षा वयाने मोठी.

जुना खोका उघडला की त्याचं वय बऱ्यापैकी कळतं. १९७८ साली आफ्रिकेत झाईरच्या शाबा प्रांतात लढाई पेटली, कोबाल्टचे भाव भडकले आणि कोबाल्ट लागणारे अल्निको चुंबक महाग झाले. स्पीकरवाले मग मोठ्या प्रमाणावर फेराइटकडे वळले. मागे काळपट, जाड चकती दिसली तर ते फेराइट. कोनाची कड कापडाची असेल तर निर्धास्त राहा. फोमची असेल तर बोट लावून बघा. जुना फोम चिकट होऊन भुग्यासारखा हातात येतो. मग रिकोनिंगवाला गाठायचा. दीड व्होल्टचा सेल क्षणभर तारांना लावायचा: दोन्ही कोन एकाच दिशेला हलले पाहिजेत. एकाची तार उलटी असेल तर खर्ज निम्मा गायब होतो आणि माणूस उगाच स्पीकर बदनाम करतो.

आता खोल्या. आमच्या भागातलं जुनं घर म्हणजे माळवद. दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, सागवानी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा. कोनाडे, खांब, उघड्या तुळया, धान्याची पोती यांमुळे आवाजाला सरळ आदळायला सपाट जागा फारशी मिळत नसे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला आणि हीच माती झोपलेल्या माणसांवर आली. हजारो गेले. त्यानंतर माळवदाखाली निजायचं धाडस कुणाचं होणार? ज्याला जमलं त्याने सिमेंटच्या भिंती आणि स्लॅब घातला. त्यात चूक काहीच नाही. आवाजाचा विचार तेव्हा कोण करणार होतं!

पण हिशेब करून बघा. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची रिकामी खोली, सगळीकडे सिमेंट आणि फरशी. प्रत्येक पृष्ठभाग फक्त दोन टक्के आवाज शोषतो असं धरलं तर सबाइनच्या सूत्राने आवाज चार सेकंदांहून जास्त घुमतो. निम्मा आवाज शोषणाऱ्या सहा चौरस मीटर गाद्या-वाकळा आत आणल्या की तो सव्वा सेकंदाच्या आसपास येतो. स्पीकर तोच.

गेल्या दिवाळीनंतर औसा तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींकडे अशीच जोडी मिळाली. नावाची पट्टी पडलेली, कड कापडाची, कोन शाबूत. "पहिल्यावानी आवाज येईना बघ बाळा," ते म्हणाले, "नव्या घरात आल्यापासून असंच करायलेत." घराला १९९३मध्ये तडे गेले, मग माळवद उतरवून त्यांनी स्लॅब घातला होता. भंगारवाला जोडीचे दोनशे द्यायला तयार होता. मी अडीच हजार कबूल केले आणि आठ दिवसांसाठी घेऊन आलो. माझीही भाड्याची खोली स्लॅबचीच. पहिल्या रात्री भजनातला पखवाज नुसता डब्यासारखा वाजला. दुसऱ्या रात्री स्पीकरसमोरच्या भिंतीला दोन गाद्या उभ्या केल्या, वर दोरीला वाकळ टाकली आणि पंखा बंद केला. पखवाजाची दोन्ही तोंडं वेगळी ऐकू आली.

गुरुजींना फोन करून हे सांगणं भाग होतं. त्यांनी गाद्या कुठे, किती उंच, सगळं विचारून घेतलं. मग जरा थांबून म्हणाले, "सोन्या, तुझी अनामत घेऊन जा अन् ते खोके आणून दे."

रविवारी नेऊन दिले. गुरुजींनी पेटीतून वाकळा काढून ठेवल्याच होत्या. त्यांतली एक त्यांच्या आईने शिवलेली. ती भिंतीला ठोकायला काकू खिळा देईनात, म्हणून शेवटी दोरी बांधली.