कार्यप्रणाली, संगणकाची : मुंबईतील निवडीचा इतिहास

संगणकाचा प्रक्रियक, स्मृती, चकती, पडदा, मुद्रक इ. घटकांचे नियंत्रण करणाऱ्या आणि वापरणाऱ्याच्या आज्ञावली त्या घटकांवर चालविणाऱ्या मूलभूत आज्ञावलींच्या संचास कार्यप्रणाली म्हणतात. प्रत्येक उपकरणाशी व्यवहार करण्यासाठी तिला ‘ड्रायव्हर’ या नावाने ओळखली जाणारी चालक-आज्ञावली लागते. ती नसल्यास उत्तम उपकरणही निरुपयोगी ठरते. म्हणून कार्यप्रणाली निवडणे म्हणजे कोणाच्या यंत्रावर, कोणाच्या देखभालीवर आणि कोणाच्या लिपीव्यवस्थेवर विसंबावयाचे, हे ठरविणे होय. मुंबईच्या संगणकविषयक इतिहासात हा प्रश्न वेगवेगळ्या स्वरूपांत पुनःपुन्हा उद्‌भवला आहे.

आरंभ : टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला व १९६२ मध्ये पं. नेहरूंनी त्याचे नामकरण केले. त्याची स्मृती ४० द्विमान अंकांच्या २,०४८ शब्दांची होती. यंत्र व आज्ञावली दोन्ही संस्थेतच घडत असल्याने त्या काळी निवडीचा प्रश्नच नव्हता. १९६४ मध्ये तेथे सीडीसी ३६०० हा अमेरिकी संगणक बसविण्यात आला. अशा मोठ्या संगणकांबरोबर उत्पादकाचीच कार्यप्रणाली येई. परिणामी यंत्र बदलल्यास आज्ञावलीही नव्याने लिहाव्या लागत.

युनिक्सचा स्वीकार : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये आरंभिलेली युनिक्स ही कार्यप्रणाली १९७३ मध्ये ‘सी’ भाषेत पुन्हा लिहिली गेली. त्यामुळे ती एका जातीच्या यंत्रावरून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेणे सुलभ झाले. आयबीएम कंपनीने १९७८ मध्ये भारतातील व्यवसाय आवरता घेतल्यावर अनेक देशी उत्पादक पुढे आले. त्यांची यंत्रे परस्परांहून भिन्न असल्याने समान कार्यप्रणालीचे महत्त्व वाढले. बँक संघटना व कर्मचारी संघटना यांच्यातील १९८३ चा करार आणि रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या रंगराजन समितीचा १९८४ चा अहवाल यांनंतर बँकांच्या यांत्रिकीकरणास गती मिळाली. पुढे बँकांच्या लघुसंगणकांवर युनिक्सचा वापर रूढ झाला.

जाळ्याशी जोडणी : केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळे हाती घेतले. जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र व पवईचे भारतीय तंत्रविज्ञान संस्थान यांत दूरध्वनीच्या तारेवरून पत्रांची देवाणघेवाण सुरू झाली, ती युनिक्सबरोबर येणाऱ्या साधनांमुळे. ‘.इन’ हे देशसूचक क्षेत्रनाम १९८९ मध्ये मिळाले. त्याची व्यवस्था याच केंद्राकडे होती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने जनतेसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त खात्यात केवळ अक्षरे दिसत. घरचा संगणक डॉस वा विंडोजवर चालत असला, तरी दूरध्वनीने जोडल्यावर काम करावयाचे ते निगमाच्या युनिक्स यंत्रावर. अनेक तरुणांचा युनिक्सशी पहिला परिचय असा झाला.

जुळवलेले संगणक : लॅमिंग्टन मार्गावरील दुकानांतून निरनिराळ्या उत्पादकांचे सुटे भाग घेऊन संगणक जुळविण्याची प्रथा मध्य मुंबईत रुळली. उपकरणांचे उत्पादक प्रथम विंडोजसाठीच चालक-आज्ञावली देत. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेली लिनक्स विनामूल्य होती. तथापि काही मोडेमांचे बरेचसे कार्य विंडोजमधील आज्ञावलीच करीत असल्याने ते लिनक्सवर चालत नसत. पुढे बिनतारी जोडणीच्या व चित्रदर्शनाच्या पट्ट्यांबाबतही हीच अडचण आली. त्यामुळे आधी सुट्या भागांची यादी तपासणे व मगच खरेदी करणे हा व्यवहारी नियम ठरला. याउलट संकेतस्थळे पुरविणाऱ्या यंत्रांवर लिनक्स व १९९५ मध्ये आलेला अपाची यांचा प्रसार झपाट्याने झाला. १९८२ च्या संपानंतर बंद पडलेल्या परळ-लालबागच्या गिरण्यांच्या जागी कार्यालये उभी राहिली. अशा कार्यालयांत संकेतस्थळ घडविणाऱ्यास आपले यंत्र व सेवेचे यंत्र यांतील अंतर भरून काढावे लागे.

मराठी लिपी : देवनागरीसाठी पुण्याच्या सी-डॅकची ‘जिस्ट’ पट्टी हे १९८० नंतरच्या दशकातील प्रमुख साधन होते. भारतीय लिपींचे सामायिक प्रमाण १९९१ मध्ये निश्चित झाले. युनिकोडही त्याच वर्षी आले. मात्र प्रमाण ठरले म्हणजे अक्षरे उमटली असे नव्हे. जोडाक्षरे जुळविण्याचे काम कार्यप्रणालीतील व्यवस्था करते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. हा भेद न दाखविणारी व्यवस्था मराठीला अपुरी होती. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली, तर जुहूच्या केंद्राने ‘इंडिक्स’ प्रकल्पाद्वारे लिनक्सवर हेच कार्य केले.

निवडीचे निकष : २००१ नंतर अ‍ॅपलची प्रणालीही युनिक्सच्या परंपरेतील झाली, २०१६ पासून विंडोजमध्येच लिनक्सच्या आज्ञावली चालविता येऊ लागल्या. त्यामुळे संकेतस्थळाच्या कामापुरता जुना विरोध निवळला. उपकरणांचा प्रश्न मात्र उरला. मुंबईत त्यात हवामानाची भर पडते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला. हिंदमातासारख्या सखल भागात, जेथे अतिवृष्टीने पाणी साचत आले आहे, तळमजल्यावरील यंत्र कोणत्याही प्रणालीने वाचत नाही. अशा वेळी चकती सुरक्षित असल्यास तीच दुसऱ्या, वेगळ्या बनावटीच्या यंत्रात बसवून काम पुढे चालविता येणे हा मोठा गुण ठरतो. बहुतेक चालक-आज्ञावली गाभ्याबरोबरच येत असल्याने लिनक्समध्ये हे पुष्कळदा साधते. विशिष्ट मुद्रक वा हिशेबाची आज्ञावली अपरिहार्य असेल, तेथे विंडोजला पर्याय कमी. दोन्ही बाबतींत माहितीची प्रत अन्यत्र ठेवणे आवश्यक असते.